मंदाचं चुकलेलं पहिलं वाक्य

सुरेशभाऊंचा फोन आला तेव्हा मी प्रथम वर्षाचे पेपर तपासत बसले होते. "ताई, मंदा गेली," ते म्हणाले आणि मी अगदी सहज विचारलं, "कुठे?" मग त्यांनी तेच शब्द पुन्हा सांगितले आणि मला कळलं. पण मी तरी काय करणार? त्यांची बायको, माझी मैत्रीण मंदा, नेहमी कुठेतरी गेलेलीच असायची. आज घोटीला भाताच्या गिरण्या बघायला, उद्या दिंडोरीला कुणाचा टोमॅटोचा मळा बघायला, परवा एखाद्या परदेशातल्या परिषदेला. पंचेचाळीस वर्षांची धडधाकट बाई सकाळी पोहे खाते, पेपर उघडते आणि खुर्चीत बसल्याजागी संपते, हे पाच आठवडे झाले तरी मला खरं वाटत नाही. पण मी रडायला बसलेली नाही. आमच्या मैत्रीत आम्ही मुख्यतः हसलोच, तेव्हा लिहिणंही तसंच होणार.

आम्ही दोघी सिन्नरच्या एका कॉलेजात शिकवायचो. ती अर्थशास्त्र, मी मराठी. राहायला दोघी नाशिक रोडला, त्यामुळे जाता-येता एकच एसटी, आणि ती चुकली की जीप. ती बहुधा मंदामुळेच चुकायची. जीपमध्ये मागच्या बाकावर अकरा जण कोंबलेले असताना ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपायची आणि सिन्नर आलं की जागी होऊन अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायची. तिचं माहेर मखमलाबादकडे, मळ्यातलं. वडील लवकर गेले. आई सगुणाबाई मेथी, शेपू, कोथिंबीर पिकवून नदीकाठच्या बाजारात स्वतः विकायच्या. त्या जुड्यांवर मंदा एम.ए. झाली, लग्नानंतर, मुलगी पदरात असताना, तिनं पीएच.डी. केली. हे सगळं ती दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगायची, एकदाही आवाज न चढवता. चढायचा तो फक्त परीक्षेच्या ड्यूटीवरून.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. विकसनशील देशांतल्या तरुण अर्थशास्त्रज्ञांसाठी एक संशोधनवृत्ती असते, हे तिला लायब्ररीतल्या एका जुन्या मासिकाच्या मागच्या पानावर सापडलं. वर्षभर आपल्याच देशात राहून आपल्याला हवा तो प्रश्न शोधायचा, आणि शेवटी सगळ्या देशांच्या फेलोंसमोर तो मांडायचा. अट एकच : वय पस्तिशीच्या आत. तिनं एकदा अर्ज केला, तो "प्रश्न स्पष्ट नाही" एवढ्या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या वेळी तिला पस्तिसावं संपत आलं होतं, म्हणजे ही शेवटची खेप. आमच्या प्राचार्यांनी सहीचा कागद पुढे ओढताना म्हटलं, "मॅडम, हे दिल्ली-मुंबईच्या लोकांसाठी असतं हो." मंदा म्हणाली, "असेल सर. तुम्ही सही करा, मी त्यांना विचारून घेते."

त्या अर्जाची गंमत सांगितलीच पाहिजे. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही नाशिक रोडच्या एका एसटीडी-फॅक्सच्या दुकानात. अठरा पानं. अकरावं पान मशीनमध्ये अर्धं शिरलं आणि लाइट गेले. दुकानदार म्हणाला, "आता संध्याकाळी सहाला." सहाला तिकडची मुदत संपत होती. शेजारी मंगल कार्यालय होतं आणि तिथला जनरेटर धडधडत होता. मंदा तडक आत गेली. मी मागोमाग. नवरदेवाचे मामा फेटा सावरत उभे होते, त्यांना ती म्हणाली, "मामा, तुमचा लाउडस्पीकर दहा मिनिटं बंद ठेवाल का? मला तेवढी वीज पाहिजे." मामांना काय कळलं देव जाणे, पण ते म्हणाले, "पोरीच्या नोकरीचं काम दिसतंय. घ्या!" वायर खिडकीतून ओढली, लाउडस्पीकरवरचं गाणं मध्येच थांबलं, आणि उरलेली पानं एका लग्नाच्या विजेवर सातासमुद्रापार गेली. मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मंदानं जिलबी दोनदा मागून घेतली आणि नवरीला हळूच सांगितलं, "माझं झालं ना, तर तुला पत्र पाठवीन." तिचं झालं. आणि तिनं खरंच पत्र पाठवलं, मंगल कार्यालयातून पत्ता शोधून काढून.

तिचा प्रश्न असा होता : हल्ली व्यापारी टेम्पो घेऊन थेट बांधावर येतात, पालेभाजी जागेवर उचलतात. तरीही एवढ्या बायका पहाटे उठून, डोक्यावर पाट्या घेऊन बाजारात का येतात? तिच्या प्रस्तावाचं पहिलंच वाक्य होतं, की स्वतः विकल्यानं बाईच्या हातात जास्त पडतं म्हणून. साधं, सरळ, पटण्यासारखं. आई तेच करताना तिनं जन्मभर पाहिलं होतं. प्रश्नावली इंग्रजीत साठ प्रश्नांची, तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे. मी मराठीची प्राध्यापिका, मी काय करावं? "विक्रीच्या या मार्गाची निवड आपण कोणत्या कारणास्तव केलीत?" असं लिहिलं. पहिल्याच दिवशी एका आजींनी ते ऐकून शेजारणीला विचारलं, "ही काय कोर्टातून आली का गं?" सगळी रांग हसली. मंदाही तिथं मातीत फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आम्ही रविवारभर बसून साठच्या साठ प्रश्न पुन्हा लिहिले. मराठी मी खरी त्या दिवशी शिकले.

आठ महिने ती बाजारात बसली. कॉलेजातून रजा, हातात वही, डोक्याला रुमाल. विद्यार्थी येऊन विचारायचे, "मॅडम, नोकरी सोडली का?" ती त्यांनाच कोथिंबिरीची जुडी धरायला द्यायची. आणि मग रजा संपून आकडे जुळवायची वेळ आली... आणि ते जुळेनात. म्हणजे जुळत होते, पण उलटे. जाण्यायेण्याचं भाडं आणि बाईचा अख्खा दिवस धरला, तर स्वतः विकणाऱ्या बाईला बांधावर देणाऱ्या बाईपेक्षा कमीच सुटत होतं. मंदानं तीनदा करून पाहिलं. तिला नेमून दिलेल्या परदेशी मार्गदर्शकांनी पत्रातून सुचवलं, की बाईच्या दिवसाची किंमत हिशेबातून वगळली तर मूळ म्हणणं टिकेल, आणि असं बरेच जण करतात. जीपमध्ये ते पत्र माझ्या मांडीवर टाकून ती म्हणाली, "आईचा दिवस वगळू? तो वगळला तर उरलं काय?" त्या दिवशी ती जीपमध्ये झोपली नाही. तीन महिन्यांवर ढाक्याला सगळ्या फेलोंची परिषद होती आणि तिच्याकडे सांगायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो, कामाला नाही, सगुणाबाईंना भेटायला. मंदा आईच्या पाटीशेजारी गोणपाटावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सगुणाबाई मेथीवर पाणी शिंपडत ऐकत होत्या.

"इतक्या बायांना इचारलं," त्या म्हणाल्या, "मला इचारलं का?"

"तुला कसं विचारणार? तू माझी आई हायेस. नियमात बसत नाही ते."

"नियम ऱ्हाऊ दे. आता इचार."

मंदानं वही न उघडताच विचारलं, "तू इथं कशाला येते गं? टेम्पोवाला घरी येतो ना?"

सगुणाबाईंनी पलीकडे बसलेल्या बाईंकडे हात केला. त्या मंदाच्या मावशी, आडगावकडे दिलेल्या. "ही येती म्हणून येते. ही तिकडं, मी इकडं. सणावाराला कोन धाडतंय? हितं रोज भेटतो. आन तू? तुझं लगीन झाल्यापासून दर रईवारी तू हितंच येती ना भाजी न्यायला? नाशिक रोडला भाजी मिळत नाय का?"

ते खरं होतं. नाशिक रोडला घराच्या दारात हातगाडी यायची, आणि ही बाई दहा वर्षं दर रविवारी दोन बस बदलून नदीकाठच्या बाजारात येत होती, दोन जुड्या मेथीसाठी! तिनं कपाळावर हात मारला, मग आईच्या गळ्यात पडली, मग उठून थेट रांगेतल्या पहिल्या बाईकडे गेली. साठ प्रश्नांत नसलेला एकच प्रश्न तिनं पुढचे सहा आठवडे विचारला : तुमच्या शेजारी कोण बसतं? बहीण. वहिनी. माहेरची मैत्रीण. माझी आई. माझी लेक... एकामागून एक तीच उत्तरं. लग्न होऊन गावोगाव पांगलेल्या बायकांनी त्या बाजारात आपलं माहेर मांडलं होतं आणि त्यासाठी त्या रोज थोडं नुकसान खुशीनं सोसत होत्या. व्यापाऱ्याचा टेम्पो त्यांना भाव देऊ शकत होता, मावशी देऊ शकत नव्हता.

ढाक्याची हकिगत तिनं परतल्यावर मला इतक्या वेळा सांगितली की मीच तिथं होते असं वाटतं. नेपाळ, युगांडा, बोलिव्हिया, कुठकुठले तरुण फेलो, समोर मोठमोठे प्राध्यापक. मंदा सुती साडीत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या प्रस्तावाचं पहिलं वाक्य चूक होतं. ते कसं चुकलं, तेवढंच सांगायला मी आले आहे." आणि स्वतःच हसली. सगळं सांगून झाल्यावर युगांडाचा जोसेफ उभा राहिला. तो काही प्रश्न विचारेल असं वाटून मंदानं वही उघडली. तो म्हणाला, "मला प्रश्न नाही. माझी आई केळी विकते. मी बाजारांवर दोन शोधनिबंध लिहिले, पण तिला एकदाही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करणार आहे." आणि त्यानं खरोखर केला. मार्गदर्शकांनीही मोठेपणा दाखवला. शेवटी उठून ते म्हणाले, की दिवस वगळायचा माझा सल्ला हिनं ऐकला नाही, हे फार बरं झालं. जोसेफला मी गेल्या महिन्यात ई-मेल केला. त्याचं उत्तर लांब आहे, पण त्यातलं एकच सांगते. आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला तो मंदाचीच गोष्ट सांगतो आणि तिचं नाव तो अजूनही 'मांडा' असं उच्चारतो.

त्यानंतर तिला पुण्या-मुंबईहून बोलावणी आली. ती गेली नाही. मोठा त्याग वगैरे नव्हता. "मला इथं प्रश्न सापडतात," ती म्हणायची, "तिथं फक्त उत्तरं आहेत." तिनं दुसरंच एक सुरू केलं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, तिच्या गच्चीवरच्या खोलीत, जिल्ह्यातली तरुण मास्तर मंडळी जमायची. सटाण्याचा एक, पेठची एक, घोटीची दोघं. संशोधनवृत्तीचे अर्ज कसे लिहायचे, ते तिथं शिकायचे. सुरेशभाऊ चहा करायचे. आणि तिथं एक परीक्षा असायची. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत सगुणाबाई बसलेल्या असत. प्रत्येकानं आपला प्रश्न त्यांना सांगायचा, साध्या मराठीत. त्यांना कळला तर अर्ज पुढे जायचा. "नाय कळलं," त्या म्हणाल्या की भलाभला पीएच.डी.वाला खाली बसायचा. सटाण्याचा मुलगा गडबडून अहिराणीत शिरायचा, 'आहे'चं 'शे' व्हायचं, आणि त्या म्हणायच्या, "शे काय अन् हाय काय, मुद्द्याचं बोल." त्या खोलीतून तिघांना वृत्ती मिळाली. पेठची ती मुलगी, कल्पना, आता फिलिपाइन्सला जाऊन आली.

गेल्या रविवारी मी तिथं गेले. बोलावलं कुणीच नव्हतं. सुरेशभाऊंना धीर द्यावा, एवढंच मनात होतं. जिन्यात चपला दिसल्या, एक-दोन नाही, चांगल्या सात-आठ जोड. वर गच्चीवरच्या खोलीत सगळे भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर न उघडलेले कागद. कल्पना डोळे पुसत होती. चहाचे कप तसेच गार होत होते. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेका पायरीवर थांबत. सगुणाबाई आल्या. लेकीला जाऊन महिना उलटलेली आई... आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पदरानं खुर्ची झटकली, बसल्या, गुडघे चोळले, दोन-तीन श्वास घेतले. मग घोटीच्या पोरीकडे हनुवटी करून म्हणाल्या,

"तुझा नंबर ना? सांग. सोपं सांग."