दुसरी चटई

"पोट आत. श्वास सोड गं, कुणासाठी साठवतेस?" सानपाड्याच्या बागेत पिलाटेसचे व्यायाम करताना एक बाई स्वतःलाच दटावायच्या. साठीच्या असतील.

मी तिथला वॉचमन, सातवी शिकलेला. आधी मार्केटात गोणी उचलायचो, तिथं कंबर गेली. हेही काम सुटलं तर साताऱ्याला परत जावं लागेल, ही धास्ती कायम असायची.

एकदा मला वाकताना बघून त्या म्हणाल्या, "दादा, कंबरेतून नका वाकू, गुडघे वाकवा. उद्यापासून या." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन चटया आणल्या. युनिफॉर्ममध्ये चारचौघांत आडवं व्हायची मला लाज वाटायची. "ड्यूटी आहे, ताई," मी म्हणायचो. "बरं, उद्या," म्हणत त्या कोरी चटई गुंडाळायच्या. रोज.

मी मात्र लांबून बघून सगळं शिकलो. खोलीवर गोणपाटावर करायचो. दोन महिन्यांत कंबर मोकळी झाली. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो.

मग त्या लेकाकडे पुण्याला निघाल्या. "तुम्ही काही माझं ऐकलं नाहीत," म्हणाल्या. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून मी दोन्ही चटया उचलल्या. तोवर त्या फाटकाशी थांबलेल्या रिक्षावाल्याकडे वळल्या होत्या.