पहाटे पाच दहाचा गुन्हेगार

ऐका, पण आधी हातातले कप खाली ठेवा. माझी फजिती आहे, चहा तुमच्या अंगावर सांडायला नको.

जव्हारच्या आमच्या छोट्या संस्थेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची यादी मी मोठ्या हौसेने वहीतून कॉम्प्युटरवर आणली. पारदर्शक कारभार! उद्या सकाळी रुग्णांची गाडी निघणार, आणि यादीतून पोशेऱ्याची अकरा म्हातारी माणसं गायब! नाव नाही तर गाडीत जागा नाही, दवाखान्यात खाट नाही.

"कुणीतरी मुद्दाम उडवलीत," मी गरजलो.

"अरे, भरायची राहिली असतील," भोये सर म्हणाले. निवृत्त शिक्षक, यादीचं काम तेच बघतात.

"सर, लॉग खोटं बोलत नाही!"

लॉग म्हणजे डेटाबेस स्वतःच लिहितो ती रोजनिशी: काय भरलं, काय पुसलं, किती वाजता. ती वाचायला माऊस कामाचा नाही, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करावी लागते. मी केली. ओळी धबधब्यासारख्या कोसळल्या. आणि सापडलं! गुरुवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. अकरा नावं पुसली!

पहाटे पाचला ऑफिसात कोण असतं? झाडायला येणाऱ्या सखूमावशी. चावी त्यांच्याकडेच. झालं की सिद्ध!

"मावशी, कीबोर्डवरून फडकं फिरवलंत ना?"

"नाय रं बाबा. त्या टीव्हीला मी हात पन नाय लावत."

"खरं सांगा, मी रागावणार नाही."

रागावणार नाही म्हणे! केवढा मी उदार!

मावशींनी चावी टेबलावर ठेवली. "मंग दुसरी बाई बघा."

भोये सर चष्मा सावरत पडद्याजवळ आले. "ही खालची ओळ कसली? बुध्या, गाव दाभोसा?"

"ती मी भरली. पाच पंचवीसला."

"पहाटे? अरे, गुरुवारी बुध्याबाबा नाव द्यायला जीपमधून माझ्यासमोर उतरला. अकरा वाजत आले होते!"

मी पुन्हा वेळ बघितली. यादी जिथे साठते त्या सर्व्हरचं घड्याळ आपलं नव्हतंच! ते ग्रिनिचच्या वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पाच दहा म्हणजे आपले दहा चाळीस. आणि दहा चाळीसला त्या खुर्चीत कोण बसलं होतं?

मी! दुबार नावं काढत! गाव एक, नाव एक, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव एक, की ठेव एक आणि पूस बाकीची. वय कोण बघतो?

इकडे जुन्या माणसांची नावं जन्मवारावरून ठेवलेली. एकट्या पोशेऱ्यात शुक्री सोमा पाच होत्या हो! चार मी पुसून टाकल्या, बाकीची सात नावंही अशीच.

नशीब, लॉगमध्ये पुसलेलं प्रत्येक नाव वयासकट शाबूत होतं. तासाभरात अकराही जण यादीत परत! 

मग चावी घेऊन मावशींपुढे उभा राहिलो. "चुकलो मावशी."

त्यांनी चावी कमरेला खोचली. मला खालून वर न्याहाळलं.

"एवढं कालेज शिकलास, आन शुक्रवारी गावात एकच पोर जल्मते असं वाटलं व्हय तुला?"