मच्छरदाणीचे कोपरे

बाबांना छपरीतच झोपायचं होतं. लकव्यानं उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण हट्ट शाबूत होता. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात घरासमोरच तलाव आहे, आणि त्या तलावात त्यांनी जन्मभर जाळं टाकलं. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायची त्यांची तयारी नव्हती. तलाव दिसला नाही की ते तोंडच उघडत नसत. माय घास हातात धरून बसून राही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत, ते म्हणतील तसं करा.

मी घुग्घुसला राहते. नवऱ्याची सिमेंटच्या कारखान्यात पाळी असते, त्याला स्वयंपाकघर सोपवून मी माहेरी आले होते. बाबांची खाट छपरीत आणणं अर्ध्या तासाचं काम. अडचण डासांची होती. तलावाकाठचे डास, त्यात मलेरिया, आणि माणूस असा की गालावर बसलेला डासही धड मारता येत नाही.

बाजारातून घडीची छत्रीवाली मच्छरदाणी आणली. ती त्यांच्या नाकाला लागायची. डाव्या हातानं ती ओरबाडत ते बोलले, आणि दुसऱ्यांदा बोलले तेव्हा मला कळलं.

"जलमभर मासोया म्या धरल्या. आता पोरगी मले धरून राह्यली."

आम्ही तिघंही हसलो. मग मी आत जाऊन रडले.

उंच मच्छरदाणी हवी होती. पण छपरीला एकाच बाजूला भिंत, टिनाचं छत पुढं उतरतं, आणि दुपारी ऊन आलं की खाट सरकवावी लागायची. म्हणजे खाटेभोवती आपल्या पायावर उभा राहील असा सांगाडाच हवा. मी विचार केला, आमच्या मुलखात बांबूला काय तोटा? शेजारून हिरवे बांबू आणले, अंगणात दोन लांब ठेवले, त्यांच्यावर आडवे तुकडे टाकले आणि सुतळीनं घट्ट बांधत बसले. वरची चौकट झाली की पाय लावायचे, असा माझा बेत.

माय तलावावरून कपडे घेऊन आली. तिच्या हातातला पिळा खाली पडला.

"हे काय करून राह्यली तू?"

"मच्छरदाणीले बांधून राह्यली."

ती सरळ आत गेली, विळा घेऊन आली आणि माझी एकेक गाठ कापायला लागली. गाठीबरोबर विळा बांबूतही रुतत होता. तेव्हा कुठं मी बाजूला उभी राहून, मी काय बांधलं ते पाहिलं. तिरडी! आमच्याकडं कुंपण बांबूचं, टोपली बांबूची, छताखालीही बांबूच. पण अंगणात दोन लांब बांबू आणि त्यांवर आडव्या काड्या, असं एकाच प्रसंगी बांधतात. मला ते कसं कळणार? तेव्हा बायका आत असतात, मेलेल्या माणसाजवळ. मी तिरडी पाहिली ती खांद्यावर निघालेली, कापडाखाली झाकलेली. बांधताना कधी पाहिलीच नव्हती.

छपरीतून बाबा पाहत होते. त्यांनी काय ओळखलं, काय नाही, मला विचारवलं नाही.

"जित्या मानसाच्या डोक्यावर बांबू नाई, दोरी नाई," माय म्हणाली. "लाकूड आन. पन दोरीनं बांधशीन तर मी तुया बापाले आत नेतो."

गावच्या सुतारानं सागाच्या गोल दांड्या करून दिल्या, अंगठ्याएवढ्या जाड, हात फिरवावा अशा गुळगुळीत. पण त्या जोडायच्या कशा? खिळा मारला की दांडी चिरायची. मच्छरदाणीच्या कोपऱ्यात तीन दांड्या एकत्र येतात, आणि छत उतरतं असल्यानं कोपरा काटकोनही नव्हता. मी पोंभुर्ण्याची दुकानं पाहिली, मग एसटीनं चंद्रपूर गाठलं. हार्डवेअरवाल्यानं आधी माझ्या मागं कुणी पुरुष आहे का ते पाहिलं.

"मिस्तरी कुठी हाये ताई?"

"मीच मिस्तरी. तीन दांड्यांचा कोपरा दाखवा."

त्यानं नळाचे एल्बो दाखवले. ते दोनच पाइपांचे, आणि माझी दांडी त्यात डुगडुगायची. तीन दांड्यांचा जोड मंडपवाल्याकडं मिळाला, पण लोखंडी आणि मनगटाएवढ्या पाइपाचा. "काऊन एवढी तकलीफ घेता? सुतळीनं बांधून टाका ना," असं एकानं अगदी प्रेमानं सुचवलं. त्याला काय ठाऊक बिचाऱ्याला, पण मी त्याच्यावर असं खेकसले की त्यानं गल्ल्यात तोंड घातलं. घुग्घुसलाही जाऊन आले. नवरा म्हणाला, वेल्डिंग करून लोखंडाचा सांगाडा आणतो. तो मग रोज उचलणार कोण, मी आणि म्हातारी माय?

तिथल्याच एका दुकानात दारावर पाण्याच्या रबरी पाइपाचं वेटोळं टांगलेलं होतं. सहज त्याचं टोक वाकवलं. हव्या त्या कोनात वाकत होतं. आणि तसलाच जुना पाइप आमच्या छपरीत, बाबांच्या खाटेच्या वरच्या खुंटीला टांगलेला होता! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दुकानातून फक्त नट-बोल्ट घेतले आणि परतले.

पाइपाचे वीतभर तुकडे केले. एक तुकडा मधोमध वाकवायचा, त्याच्या वाकणावर दुसरा आखूड तुकडा बोल्टनं आवळायचा, झाली तीन तोंडं. टोक गरम पाण्यात बुडवलं की दांडी आत सरकते, निवलं की पकडून धरते. संध्याकाळपर्यंत सांगाडा उभा राहिला. मायनं प्रत्येक कोपरा चाचपून पाहिला, कुठं दोरी तर नाही ना. मग स्वतःच्या हातानं त्यावर मच्छरदाणी चढवली.

त्या रात्री बाबा छपरीत झोपले. पहाटे तलावात कुणीतरी जाळं फेकलं, तो पसरट आवाज आला, आणि त्यांनी डाव्या हाताची बोटं हलवली. मी विचारलं, "लागलं का काही जाळ्यात?"

"लहान हाये," ते म्हणाले.

पावसाळा सरेपर्यंत ते तिथं झोपले. घासही घेत होते. मी इतकी वेडी की मला वाटायला लागलं होतं, डॉक्टर चुकले.

एका सकाळी ते उठले नाहीत.

मी सांगाडा काढला. गाठ सोडायची नव्हती, नुसती दांडी ओढली की कोपरा निघत होता. इतकं सहज निघेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याचाच मला राग आला. अंगणात गावचे पुरुष जमले. बांबू कुणाकडं आहेत, कुणाला पाठवायचं, असं बोलणं चाललं होतं. बाबांजवळ बसलेली माय तिथूनच म्हणाली, "घरामागं हायेत."

मी मागं गेले. मला वाटलं होतं तिनं ते केव्हाच चुलीत घातले असतील. तिनं ते दोन दगडांवर उचलून ठेवले होते, वाळवी लागू नये म्हणून. वर ताडपत्री होती, पावसासाठी.

कुणीतरी म्हणालं, "हे वाळून गेले बाई. ओले पाह्यतो ना दुसरे."

"दुसरे काऊन?" माय म्हणाली. "पोरीनं बापासाठीच आनले होते."

बायकांनी मला आत बोलावलं. मी गेले नाही, दारात उभी राहून पाहिलं. दोन लांब बांबू, त्यांवर आडवे तुकडे. विळ्यानं जिथं खाचा पडल्या होत्या, तिथंच पुरुषांनी सुतळी ओढून गाठी मारल्या.