मामांच्या काळजाची राखण

आपल्या काळजाची माझ्या मामांइतकी काळजी घेणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. मामा कारंज्यात डॉक्टर होते. कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली दवाखाना आणि वर घर; मी शिकायला तिथेच होतो. रक्तदाब मोजण्याचे यंत्र त्या भागात पहिल्यांदा त्यांनीच आणले आणि त्याचे पहिले रोगीही तेच झाले. उठल्यावर, चहाच्या आधी, चहाच्या नंतर, कोणाशी वाद झाला की, आणि वाद होईलसे वाटले की, ते दंडाला पट्टा बांधून पारा चढवीत. पारा जरा वर दिसला की घरात फर्मान निघे, "आज कोनी मोठ्यानं बोलू नका." जिना चढणे हृदयाला वाईट असे त्यांनी वाचले होते, म्हणून दिवसातून एकदाच ते वर जात. चहा, पान, चष्मा, विसरलेला रुमाल, जे लागेल ते घेऊन मामी जिना उतरत आणि पुन्हा चढत. "तुह्या मामाचं काळीज काचेचं हाय, बापू," त्या मला हसून म्हणत, "माह्यं लोखंडाचं."

त्या काळी बायका दवाखान्यात क्वचितच येत. आल्या तरी परक्या पुरुषापुढे चोळीची घट्ट बाही सरकवून दंड उघडा करणे कोणाच्या मनातही येत नसे. बायकोचे दुखणे नवरा येऊन सांगे. मामांनी यातून एक पद्धत बसवली होती. बायकोचे दुखणे नीट ऐकून घ्यायचे आणि पट्टा नवऱ्याला बांधायचा. शेलूबाजाराकडचा एक माळी वांग्यांची पाटी घेऊन आला तेव्हा मी तिथेच वाचत बसलो होतो. तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, घरी बायकोले चक्कर येऊन राह्यली. डोकं लय दुखते तिचं." मामांनी त्याचा दंड धरला, पारा चढवला आणि गंभीर होऊन म्हणाले, "तुह्यं परेशर वाढलं. आजपासून मीठ बंद."

"चक्कर तिले येते अन् मीठ माह्यं बंद?"

"तुलेच काई झालं तर तिच्याकडं कोन पाह्यन?"

माळी वांगी ठेवून गेला. पुढे बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, मी अळणी खातो, ती मात्र अजून भिंत धरून चालते.

यात मामांचा लबाडपणा नव्हता, श्रद्धा होती. त्यांच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ असे. त्यात हृदयविकाराच्या प्रकरणात एक चित्र होते. मिशीवाला धिप्पाड गृहस्थ छातीवर मूठ दाबून खुर्चीत कोसळला आहे. हा रोग बायकांना क्वचित होतो, असे खाली छापले होते. मामा 'क्वचित'चा अर्थ 'कधीच नाही' असा घेत. "बाईच्या काळजाले काई होत नाई," ते मला समजावत, "तिले होते थे पित्त."

मामींची पाळी जाऊन काही वर्षे झाली होती. एका हिवाळ्यात त्या जिन्यात मध्येच थांबू लागल्या. दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठ भरून येई, मळमळे, थंडीत घाम फुटे. मामांनी पित्तावर पूड दिली. मग डावा जबडा दुखू लागला. काम करताना दुखे आणि टेकले की थांबे. मामांनी लवंगतेल दिले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा दाढ काढवून घेतली. दाढ चांगली होती. तळहातावर धरून ते ती कितीतरी वेळ उलटसुलट करीत राहिले. मामी तोंडात कापसाचा बोळा धरून त्यांनाच धीर देत होत्या, "पाहू नका तिच्याकडं, तुमचा पारा चढन."

संक्रांत जवळ आली होती. दुपारी मामा गादीवर बसून आपला रक्तदाब मोजत होते. मामी चहा घेऊन उतरत होत्या. खालच्या पायरीवर त्या बसल्या, कप सांडू न देता बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मी जराशी टेकते." त्यांनी छातीवर हात ठेवला नाही. भिंतीला डोके लावले, एवढेच. मामा म्हणाले, "टेक, टेक. पित्त हाय." त्यांनी पारा पाहून घेतला, चहा थंड होतो म्हणून हाक मारली, आणि मग उठले.

त्यानंतर मामा पुष्कळ वर्षे जगले. त्यांच्या काळजाला शेवटपर्यंत काही झाले नाही. गेल्या महिन्यात ते वार्धक्याने गेले. मामी गेल्यावर त्यांनी दवाखान्यात आडोशाचा पडदा लावला आणि गावातल्या सुईणीला पट्टा बांधायला शिकवले. दुखणे सांगायला पुढे सरसावणाऱ्या नवऱ्याला ते अंगणात घालवीत. "भायेर उभा राह्य. दुखनं तिचं हाय, तिले बोलू दे." बायकांना ते पाठ, जबडा, धाप, मळमळ असे एकेक विचारीत. मला एकदा म्हणाले, "पाळी असते तवर बाईच्या काळजावर कशाची तरी राखन असते, असं मले वाटते बापू. मंग राखनदार उठून जाते अन् वावर उघडं पडते. मी थे घरात पाहून राह्यलो होतो, तरी दिसलं नाई."

अखेरच्या दिवाळीत मी पत्नीला घेऊन त्यांना भेटायला गेलो. त्यांना दिसत कमी होते. त्यांनी तिला जवळ बसवले आणि प्रकृती विचारली. "तशी बरी आहे," मीच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. मग ती हळूच म्हणाली, "थोडं थकायला होतं, मामा."

"थोडं म्हंजे किती, पोरी?" ते पुढे सरकून बसले. "सांग. सगळं सांग. माह्यापाशी आता येळच येळ हाय."