अक्काने पाळलेलं ग्रहण

आधीच सांगतो, मी जालन्यात फिजिक्स शिकवणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचो. पण हे माझ्याच घरात घडलं... आणि चूकही माझीच होती.

१९८३ची जानेवारी. हसनाबादजवळ आमचं शेत, शेतातच घर. माझी मोठी बहीण अक्का बाळंतपणाला माहेरी आल्ती. आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली, म्हणून आई तिला फार जपायची. हुरड्याचे दिवस. आगटीभोवती कणसं चोळता चोळता मी अक्कल पाजळली — रशियाचा उपग्रह कोसळतोय, त्यात युरेनियमची भट्टी आहे, फुटली तर विषारी धूळ कुठंही पडेल, कुणाच्याही विहिरीत.

अक्काने हातातला हुरडा खाली ठेवला.

त्या दिवसापासून तिने ग्रहण पाळलं. दार लावून आत. विळीला हात लावेना, विहिरीचं पाणी नको, शेतातलं काही नको. बिस्किटं आणि आधी भरलेला माठ, बस्स.

"अगं, आपल्यावर पडायची शक्यता नसल्यात जमा आहे," मी म्हणालो.

"मंग तसं आधीच सांगायचं की, बापू. ग्रहण कवा सुटतं ते पंचांगात असतंय. ह्याचं कोन सांगणार?"

तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली. आई माझ्याशी बोलेना. बातम्यांनी अक्का जास्तच घाबरायची, म्हणून मी गुपचूप रेडिओचे सेल काढून खिशात घातले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अक्का अंगणात, उन्हात बसून पिठलं-भाकरी खाऊन राह्यली... आई डोळे पुसत वाढतेय.

"समुद्रात पडलं ते," अक्का म्हणाली. "रेडिओ बोलला ना आत्ता."

मी खिसा चाचपला. दोन्ही सेल खिशातच. सकाळपासून शेतात कुणी आलंही नव्हतं. संध्याकाळी गावात गेलो, तेव्हा हॉटेलातल्या रेडिओवर तीच बातमी ऐकली — हिंदी महासागरात पडला.

चैत्रात मुलगी झाली, ठणठणीत. सेलची गोष्ट मी अक्काला थेट त्या भाचीच्या लग्नात सांगितली. ती हसली.

"तरीच. बातम्या देणारा मला 'अक्का, सुटलं, जेव आता' कशाला म्हणंल?"

रेडिओ माझ्याच कपाटावर आहे, सेल अजून घातलेले नाहीत. जेवायला बसताना कधीकधी नजर जाते तिकडे. माझी चूक त्या दिवशी कुणी निस्तरली, हे मला आजही माहीत नाही.