गफ्फारभाईंचा कोरडा कूलर

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल गफ्फार यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. कूलर कोरडा चालवून मोटर जाळणारं गिऱ्हाईक आलं, की ते आधी त्याला मनसोक्त झापतात आणि मगच पान्ह्याला हात लावतात.

यंदा मोबाईल बिघडला आणि मुलीच्या लग्नाचे फोटो उडाले. नातेवाइकांकडून ते पुन्हा गोळा करून गफ्फारभाईंनी घरीच सर्व्हर बांधला. हार्ड डिस्क मिळाल्या तीन, तिन्ही तीन घरच्या: एक बंद पडलेल्या सायबर कॅफेतली, एक कापडदुकानाच्या कॅमेऱ्याची आणि एक कोरी. प्रत्येक फोटो तिन्हींवर राहील अशी सोय केली. मे महिन्यात त्या तापू नयेत म्हणून जुन्या कूलरच्या पत्र्याच्या डब्यात पंख्यासमोर एकीवर एक बसवल्या. कोरी महागाची, म्हणून सगळ्यात खाली, सांभाळून.

दुपारी ते नमाजाहून परतले, तर बेगम सईदा रिकामी बादली घेऊन उभ्या, आणि घरातली लाईट गेलेली.

"हे काय केलं?"

"कूलर कोरडा चालून राहिला होता," सईदा म्हणाल्या. "मोटर जळते नं. साऱ्या मोहल्ल्याले तुमीच तं सांगता."

खालच्या दोन्ही डिस्क गेल्या. वरची, कॅमेऱ्याची, जिच्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, तिनं फोटो राखले.

संध्याकाळी गफ्फारभाईंनी डब्यावर लाल रंगानं लिहिलं, 'पाणी टाकू नये'. तेव्हापासून जळकी मोटर घेऊन कुणी आलं, तर ते मुकाट्यानं पान्हा उचलतात.