ताई माझ्या नकाशात आल्या तेव्हा

पहिल्या तारखेला शीलाताईंच्या नंबरवरून काही आलं म्हणजे तो नवा नकाशाच असायचा. त्यामुळे त्या पहिल्या तारखेला, जेवणाच्या सुट्टीत मी फोन हातात घेतला तेव्हा आमच्या खेळाच्या ग्रुपवर दोघांचे अंगठे पडून गेले होते, एकानं 'आला आला' असंही लिहिलं होतं, आणि त्याच्या वर ताईंच्या भाच्यानं ताईंच्याच फोनवरून टाकलेल्या दोन ओळी होत्या. मावशी काल गेली. हृदयविकाराचा झटका आला... मी चिंचोळी एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. आत यंत्रांचा आवाज एवढा असतो की आपण बाहेर आलो तरी कान थोडा वेळ आतच राहतात. मला वाटलं, माझंच वाचायला चुकलं. मी नववीत शाळा सोडली, एखादी ओळ मला अजूनही पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते. पुन्हा वाचली. तेवढ्यात ते अंगठे एकेक करून निघून गेले, 'आला आला' पण गेलं, आणि त्या दोन ओळीच राहिल्या.

शीलाताई पन्नाशीच्या आसपासच्या. एका सरकारी कार्यालयात लिपिक होत्या, लग्न केलं नव्हतं, सोलापुरातल्या एका जुन्या वस्तीत आईबरोबर राहायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन संगणकावर गावं वसवायच्या. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. पडद्यावर जमीन असते, पण सुरुवातीला आपल्या पायाभोवतीची हातभर दिसते, बाकी सगळा काळोख. जवळ माणसांची एक टोळी. तिला कुठं बसवायचं, नदीकाठी की डोंगराच्या अंगाला, ते आपण ठरवायचं. मग शेती, रस्ते, शेजारची राज्यं, भांडणं. घाई अजिबात नाही. आपण आपला टर्न संपवला नाही तोवर तिथलं पानही हलत नाही. ताईंनी यात एक रीत घातली होती. दर महिन्याला त्या एक नकाशा निवडायच्या आणि त्याची फाईल आम्हा पंधरा-वीस जणांना पाठवायच्या. सगळ्यांना जमीन तीच, नदी तीच, काळोखही तोच. खेळायचं मात्र ज्यानं त्यानं आपल्या घरी, आणि महिनाअखेर आपलं काय झालं ते लिहायचं. बाकीचे त्याला रिपोर्ट म्हणायचे, ताई हकीकत म्हणायच्या. कुणी त्या नदीवर बसून मोठा राजा झालेला असायचा, कुणाला त्याच काठावर लुटारूंनी संपवलेलं असायचं. सगळ्या हकीकती ओळीनं वाचल्या की वाटायचं, एकच स्वप्न वीस जणांनी आपापल्या उशीवर पाहिलंय.

मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडं धानाची शेती, आणि जिथं तिथं पाणी. मोठी तळी, शेताशेतातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी. सोलापूरला आलो तेव्हा कामगारांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो आणि पाचही जणांना बोलायला काही नव्हतं. मुजीबभाईंच्या दुकानातून एक जुना लॅपटॉप घेतला. "टाइमपास होईल असं काही टाकून द्या जी," मी म्हणालो. "जी-जी क्या करता रे, मैं क्या तेरा सुसरा हौं?" असं म्हणत त्यांनी हा खेळ टाकून दिला, आणि मला न विचारताच ताईंच्या ग्रुपातही टाकलं.

पहिल्याच महिन्यात मी घोळ घातला. ताईंची फाईल आली होती, ती उघडून खेळायचं होतं. पण खेळ सगळा इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. मी दिसेल ते बटण दाबलं आणि ताईंचा नकाशा उघडायच्या ऐवजी खेळानं आपल्या मनानं एक नवीनच मुलूख मला काढून दिला. आणि तो कसा निघावा... काळोख थोडा सरकला की तळं. आणखी सरकला की दुसरं तळं. मधे हिरवी रानं, तळ्यात बेटं. मी तर गारच पडलो. मला वाटलं, या बाईंना कसं कळलं मी कुठला आहे? महिनाभर मी कारखान्यातून येऊन तिथंच राहिलो. शाळा सुटल्यावर पहिल्यांदा काही लिहिलं ते त्या तळ्यांबद्दल, आणि शेवटी लिहिलं, ताईंनी आमच्याकडचा मुलूख दिला त्याबद्दल आभारी आहे.

ग्रुपवर एकानं विचारलं, "कुठलं तळं? इथं वाळवंटात पाण्यावाचून मेलो की आम्ही." दुसरा म्हणाला, "हा भाऊ भलत्याच देशात पोचलाय." मुजीबभाईंनी लिहिलं, "व्हिसा कुणी दिला बे?" हसण्याची चित्रं पडत राहिली. मला काय झालंय ते कळलं तेव्हा कान तापले. ग्रुप सोडून द्यावा, लॅपटॉप परत करावा, असंच वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. ताईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

"अंकुश, पहिल्या टर्नची फाईल असेल की तुझ्याकडं. खेळ ठेवतो आपोआप."

"असंल जी."

"मग पाठव. मी येते तिकडं."

"कुठं जी?"

"तुझ्या तळ्यांवर. एवढ्या मोठ्या मुलखात एकटाच राहतोस व्हय? भ्या वाटत नाही?"

आणि त्या खरंच आल्या. पुढचा महिनाभर त्यांनी आपण निवडलेला नकाशा सोडून माझा चुकलेला खेळला, आणि महिनाअखेर ग्रुपवर लिहिलं, 'या वेळची माझी हकीकत दुसरीकडची आहे. तिथं आम्ही दोघंच होतो.' त्यानंतर कुणी हसलं नाही. या खेळात पहिल्याच टर्नला गाव वसवायचं असतं, फुकट घालवलेला प्रत्येक टर्न पुढं नडतो. ताईंनी लिहिलं होतं, 'मी सोलापूरची. नळाला पाणी येईल त्या दिवशी घरात दुसरं काम काढत नाही. एवढं पाणी एका जागी बघून मला गाव वसवायचं सुचलंच नाही, नुसती काठाकाठानं चालत राहिले. मागं पडले. पडू दे.' त्यांना उत्तरेच्या तळ्यातलं एक बेट सापडलं होतं, ते मला दिसलं नव्हतं. मला डोंगरामागची एक खोल दरी सापडली होती, तिकडं त्या गेल्या नव्हत्या. मग आम्ही एकाच गावची माणसं बाहेरगावी भेटल्यावर बोलतात तसं बोलायला लागलो. आपलं उत्तरेचं तळं. आपली ती दरी. कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, कुठं तरी असेल अशी जागा, एसटीनं जाता येईल.

मला लिहायला त्यांनी शिकवलं असं म्हटलं तर त्या चिडल्या असत्या. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी कधी काढलं नाही. त्या फक्त विचारायच्या. 'नदी ओलांडली म्हणतोस, मग ओलांडल्यावर मागं वळून बघितलंस का?' 'गाव जळालं, मग माणसं कुठं गेली?' मी उत्तर लिहायचो, ते लांबत जायचं, आणि लांबता लांबता खोलीतला पंखा, कारखाना, घरची आठवण सगळं त्यात यायला लागलं. आज हे एवढं लिहितोय तेही त्यांनी विचारल्यासारखं वाटतंय म्हणूनच.

शेवटची भेट सोलापुरातल्याच कंबर तलावावर झाली. रविवारची दुपार होती. त्यांनी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. "ही आमची बोडी," त्या तलावाकडं हात करून म्हणाल्या. "तुमच्याकडं किती असतील रे अशा?"

"लई आहेत जी."

"लई म्हणायला लागलास की! आता तुझ्या गावचे तुला घरात घेत नाहीत बघ." खूप हसल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "ते आपलं तळ्यांचं... एखाद्या महिन्यात सगळ्यांना द्यायचं का?"

मला ते द्यायचं नव्हतं. सोलापुरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. माझ्या तोंडाकडं बघून त्या म्हणाल्या, "राहू दे. घाई कुठं आहे?"

त्या गेल्यावर ग्रुप गप्प झाला. पुढच्या महिन्याचा नकाशा त्यांनी काढून ठेवलेला नव्हता, त्या आयत्या वेळी निवडायच्या. तो महिना नकाशाशिवायच संपत आला तसा मुजीबभाईंचा फोन आला. "मॅप तू दे. ताईचा लाडका होतास."

"मले नाही जमत जी. मी कधी निवडला नाही."

"कोई बी नै निवड्या रे. सब उसके भरोसे बैठे थे. तू दे नै तो बंद होता देख."

माझ्याजवळ देण्यासारखा एकच नकाशा होता. आणि देववत नव्हता तोही तोच. वीस जण त्यात घुसणार, बेटावर तोफा चढवणार, आणि कुणी तरी लिहिणार की लई सोप्पा मॅप हाय. नाही दिला तर... चिंचोळीहून परत येताना बसच्या खिडकीशी बसून मी डोळे मिटून त्या मुलखातून चालायचो. आधी सगळं दिसायचं. मग एक दिवस बेट तळ्याच्या कुठल्या अंगाला होतं तेच आठवेना. लॅपटॉप उघडून बघितलं असतं तर दिसलं असतं, पण विचारायला कुणी नव्हतं. दोघांनी पाहिलेली जागा एकट्याकडं राहिली की ती होती का, अशीच शंका यायला लागते. बाहेर ज्वारीचं रान पळत होतं, उन्हात ते लांबून पाण्यासारखं लवलवायचं, आणि मला कळायचं नाही मी नक्की कुठं बघतोय.

महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत काही ठरेना, म्हणून मी ताईंच्या घरी गेलो. आधी कधी गेलो नव्हतो. दार त्यांच्या आईंनी उघडलं. बारीक, ताठ म्हातारी, डोक्यावरून पदर.

"जयभीम आई. मी अंकुश. ताईंचा..."

"तळ्याचा व्हय? भंडाऱ्याचा?"

मी बघतच राहिलो. आईंना अक्षर येत नाही. ताई रविवारी त्यांना सगळ्यांच्या हकीकती वाचून दाखवायच्या, हे मला तेव्हा कळलं. आई आम्हा वीसही जणांना ओळखत होत्या. "त्यो मुजीब लई भांडतोय न्हवं शेजारच्या राजासंगं? त्येला सांग जरा, दमानं घे म्हनावं." मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. आईंनी पाणी दिलं. मग कोपऱ्यातल्या संगणकाकडं बोट केलं. "लाव की. तुला येतंय. तुझं ते तळं दाव मला. नुसतं ऐकलंय, बघितलं न्हाय."

ताईंनी ती फाईल जपून ठेवली होती. मी उघडली. काळोखाच्या मधोमध निळं पाणी आलं. आई स्टूल ओढून जवळ बसल्या, पडद्याला बोट लावून काठाकाठानं फिरवलं.

"ह्येच्यात ती कुटं हाय?"

मी म्हणालो, "ही सुरुवात आहे जी आई. अजून कोणीच आलेलं नाही इथं."

आई हळूच म्हणाल्या, "आमच्या लहानपनी आडाला हात लावू देत न्हवते. कुनी तरी यायचं, वरनं वतायचं. तवर घागर घिऊन हुबं ऱ्हायचं..." पुन्हा त्या पाण्याकडं बघितलं. "मग हे पानी कुनाचं?"

"अजून कुणाचंच नाही जी."

"मंजी सगळ्यांचं की."

त्या एवढं सहज म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. मी तिथंच बसून ती फाईल माझ्या फोनवर घेतली आणि उजाडल्यावर, पहिल्या तारखेला, ग्रुपवर पाठवली. खाली लिहिलं, 'तळ्यांचा मुलूख. शीलाताई इथं येऊन गेल्या आहेत.' त्या महिन्यात मी स्वतः खेळलो नाही. माझ्या मुलखात लोक हिंडतायत, या विचारानं लॅपटॉप उघडायचो आणि तसाच बंद करायचो. पण बसमध्ये डोळे मिटले की आता तिथं पावलांचे आवाज यायचे.

महिनाअखेरीच्या रविवारी सगळ्यांच्या हकीकती घेऊन मी आईंकडं गेलो. आईंनी चटई टाकली, पाय लांब करून बसल्या. "हारल्यालं आदी वाच," म्हणाल्या. "ती तसंच वाचायची."

सगळ्यात आधी हरला होता मैंदर्गीचा सिद्धाराम. त्याच्या घरी मेंढरं आहेत, तो मेंढरांमागं जाऊन आल्यावर खेळतो. त्यानं लिहिलं होतं, 'माझं गाव वाढलंच नाही. मी माणसं नुसती चालवत ठेवली. उत्तरेचं तळं आहे, त्यात बेट आहे. बेटाच्या पलीकडं लई लांबपर्यंत काळोख आहे, तिथं कुणी जात नाही कारण तिकडं जाऊन काही फायदा नाही. मी गेलो. तिथं आणखी एक तळं आहे. सगळ्यात मोठं.'

मी थांबलो. ते तळं मला माहीत नव्हतं.

"शीलाला म्हाईत हुतं का?" आईंनी विचारलं.

"नाही जी आई. आम्हा दोघांनाही नाही."

आईंनी संगणकासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"मग परत वाच. मोठ्यानं."